बोबडं विज्ञान नको: रविवारच्या वर्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी मुलं जमतात. दुसरी ते आठवी, एका वेळी जास्तीत जास्त 16, कारण सतराव्याला बसायला सावली उरत नाही. मी 22 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता हे करते. पालकांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

वर्गात नेमकं काय शिकवता?

ठरलेला अभ्यासक्रम नाही. गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा गूळ, पावसाळ्यात पंचगंगा, उन्हाळ्यात सावल्या, आणि मधल्या काळात मुलांच्या खिशातून जे निघेल ते. एकानं काडेपेटीत विंचवाची कात आणली होती. तो अख्खा रविवार विंचवानं खाल्ला.

'बोबडं विज्ञान' म्हणजे काय? तुम्ही सारखं ते म्हणता.

"सूर्यकाका थेंबुल्याला म्हणाले, ये माझ्याकडे! आणि थेंबुला गेला की हो ढगात!" पाचवीतल्या पोराला हे सांगणं म्हणजे त्याला अंगडं-टोपडं घालण्यासारखं आहे. मुलं ऐकून घेतात, कारण ती आपल्यापेक्षा सभ्य असतात. पण समोरच्या बाईला आपल्याकडून फारशी अपेक्षा नाही, एवढं त्यांना बरोबर कळतं.

याचा दुसरा अवतार जास्त वाईट. "ते तुला आत्ता नाही कळायचं, वरच्या वर्गात गेलास की शिकवतील." मी स्वतः हे वाक्य किती वेळा म्हटलं असेन याचा हिशोब नाही. बहुतेक वेळा त्याचा खरा अर्थ "मला नीट सांगता येत नाही" असा होता.

मग कसं करायचं, ते एका उदाहरणानं सांगते. आपल्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव सगळ्या मुलांना माहीत असतो. 9, 10, 11 नोव्हेंबरला आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत, असा क्रम सांगतात. मी एवढंच विचारलं, "वर्षातून दोनदाच का? आणि दोन्ही वेळा थंडीच्या दिवसांतच का?"

पहिल्या रविवारी उत्तरं आली ती अशी: देवीची इच्छा. पूर्वीच्या लोकांनी तसं बांधलं. नोव्हेंबरात सूर्य खाली असतो. यातलं तिसरं उत्तर मी फळ्यावर लिहिलं आणि विचारलं की हे तपासायचं कसं. तपासायची युक्तीही त्यांचीच. गच्चीच्या एकाच कोपऱ्यात उभं राहायचं आणि सूर्य जिथं बुडतो तिथं समोरच्या कठड्यावर खडूनं खूण करायची, तारीख घालायची. ढग असले तर तो दिवस गेला. ऑक्टोबरपासून खुणा डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकायला लागल्या. डिसेंबरात त्या एकमेकींवर चढायला लागल्या. संक्रांतीनंतर सूर्य उलटा निघालेला स्पष्ट दिसत होता.

खडूच्या त्या खुणांकडे बघत चौथीतली एक मुलगी म्हणाली, "त्यो जातोय आणि परत येतोय. मग देवळासमोरनं दोनदा जाणारच की!"

झालं. याच्यापुढं मला सांगायला 'दक्षिणायन' हा शब्द तेवढा उरला होता, तो दिला. मग कुणीतरी कॅलेंडर आणलं. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस, तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत 42. एका दिवसाचा फरक का, यावर अर्धा तास भांडण. सूर्य परत फिरतो तो क्षण कधी 21 ला येतो तर कधी 22 ला, हे मी सांगितलं, पण ते भांडण थांबवायला नव्हे. एकीनं हात लांब करून मुठी मोजल्या. लांब धरलेली मूठ साधारण 10 अंशांची. 10 नोव्हेंबरला सूर्य बरोबर पश्चिमेला नाही, तिच्यापासून सुमारे 18 अंश दक्षिणेला मावळतो, म्हणजे जवळजवळ दोन मुठी. ही गोष्ट मला सांगावी लागली नाही. तिनं मला सांगितली.

यात सोपं काहीच केलेलं नव्हतं. खगोलशास्त्रातली ही बऱ्यापैकी अवघड गोष्ट आहे. वेळ मात्र चार महिने लागला.

अवघड शब्द टाळता का?

नाही. जी पोरं जेसीबीचे आणि डायनासोरचे सगळे प्रकार नावानिशी सांगतात, त्यांना 'बाष्पीभवन' जड जाईल असं मानणं हा त्यांचा अपमान आहे. अडचण शब्दाच्या लांबीची नसते. आधी शब्द आणि मागून वस्तू, असा उलटा क्रम लावला की तो घशात अडकतो.

गुऱ्हाळावर नेतो तेव्हा हे फार छान दिसतं. उसाचा रस काहिलीत उकळत असतो. गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतो, आणि बघता बघता मळी वर येऊन जमते, ती झाऱ्यानं काढली जाते. भेंडीच का? मुलांनी बोटांत धरून बघावं: ती बुळबुळ रसातले बारीक कण गोळा करते. मग थर्मामीटर. पाणी 100 अंशांला उकळतं हे सगळ्यांना पाठ असतं. पण काहिलीतला रस शंभराच्या वर जातो. काकवी काढतात तेव्हा 105-106 अंशांच्या आसपास, आणि गूळ होईपर्यंत 116 ते 118. "बाई, मीटर बिघडलाय," हे हमखास कुणीतरी म्हणतं. मी म्हणते, बदलून बघ. दुसराही तेच दाखवतो. पाणी उडून जातं तसं साखरेचं प्रमाण वाढतं आणि दाट रसाला उकळायला जास्त तापावं लागतं. आता 'उत्कलनबिंदू' हा शब्द द्या, तो कुणीही विसरत नाही. ज्या गोष्टीनं त्यांना चक्रावून टाकलं तिला नाव मिळालेलं असतं.

गुळव्याकडे थर्मामीटर नसतो, ही यातली सर्वांत चांगली गोष्ट. तो पाण्यात थेंब टाकून गोळी जमते का ते बघतो आणि काहील उतरवतो. मुलांनी त्याच्या हाताचा अंदाज आणि आमचा काटा ताडून बघितला, त्यात तो जिंकला. विज्ञान शाळेतच असतं हा समज तिथं आपोआप गळून पडतो. मला त्यावर भाषण द्यावं लागत नाही.

आमचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. त्याला मराठीतून कळेल का?

कळेल. शब्द दोन्ही सांगते. गोष्ट कळली असली की नावं दोन काय नि तीन काय. उलट अनुभव असा की इंग्रजीतली व्याख्या धडाधडा म्हणणाऱ्या मुलाला "आता हेच तुझ्या आजीला सांग" म्हटलं की त्याला कुठपर्यंत कळलंय ते त्याचं त्यालाच समजतं.

मुलानं काही विचारलं आणि मला उत्तर येत नसेल तर?

अभिनंदन. तुमच्या मुलाला चांगला प्रश्न सुचला आहे.

जयंत नारळीकर 1938 साली आपल्याच कोल्हापुरात जन्मले. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, सही नको, विज्ञानाचा प्रश्न लिहून पोस्टकार्ड पाठव, उत्तर देईन, त्याखाली सही असेलच. एवढा मोठा शास्त्रज्ञ पोरांची पोस्टकार्डं वाचून हातानं उत्तरं लिहायचा. मी हे मुलांना सांगते आणि गच्चीच्या दाराशी एक बूट-चपलांचा जुना खोका ठेवते. त्यात चिठ्ठ्या टाकायच्या. उत्तर मला येत असेल तर पुढच्या रविवारी, नसेल तर "शोधते आहे" असं फळ्यावर लिहिते. "मांजर पडताना हवेत वळतं कसं?" ही चिठ्ठी तीन महिने फळ्यावर होती. मी वाचत होते, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. मुलांना उत्तरापेक्षा बाई अडकली आहे याचीच मजा जास्त.

घरी तुम्ही एवढंच करा: "मला माहीत नाही" हे वाक्य तिथंच थांबवू नका. "तुला काय वाटतं, आणि ते खरं आहे का ते कसं कळेल?" असं विचारा. "गुगल कर" हे मात्र लगेच म्हणू नका. दोन दिवस थांबून म्हणा.

समजावं म्हणून थोडं खोटं सांगितलं तर चालतं का?

थोडं गाळलं तर चालतं, खोटं नको. दोहोंत फरक आहे. "हा पूर्ण हिशोब नाही, पुढची गोष्ट नंतर बघू" असं सांगून गाळता येतं. पण आपण सोपेपणाच्या नावाखाली सरळ चुकीच्या गोष्टी देतो आणि त्या मुलाच्या डोक्यात तीस वर्षं बसून राहतात.

जिभेचा नकाशा घ्या. टोकाला गोड, मागं कडू, कडेला आंबट. पुस्तकांत वर्षानुवर्षं छापला जात होता. साखर घेऊन जिभेच्या मागच्या भागावर ठेवून बघा, गोड लागते. दोन मिनिटांचं काम, पण आम्ही कुणी ते केलं नाही, कारण चित्र छापलेलं होतं. आणि तिखट? कोल्हापुरात राहून हे माहीत नसणं बरं नव्हे: तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या चेतातंतूंना भाजल्याचं कळतं त्यांनाच जाऊन चिकटतं, म्हणून तांबडा रस्सा गार असला तरी तोंड 'भाजतं'. चेतातंतूंवरची ही चिकटायची जागा, म्हणजे ग्राहक (रिसेप्टर), शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 सालचं नोबेल मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. मिसळीवर पाणी ढोसून उपयोग नाही, दही घ्या, हे आपल्याला आधीच ठाऊक होतं. आता कारणही कळलं.

दुसरं खोटं: उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते. हे कुणी शिकवत नाही, तरी जवळजवळ प्रत्येक मूल हेच सांगतं, आणि पालकांतलेही निम्मे. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरत असतो तेव्हा. ही एक माहिती फेकली की मुलं ताठ बसतात. "मग गरम का नाही होत?" ते समजून घ्यायला कठड्यावरच्या खडूच्या खुणांकडे परत जावं लागतं.

तुमच्याकडून कधी चूक झाली आहे का?

पुष्कळदा. सर्वांत मोठी सांगते, कारण ती तुमच्याही घरात घडत असेल.

ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात वर चढतं. मी अकरा वर्षं शाळेत सांगत आले: ज्योतीनं ऑक्सिजन संपवला, हवेत तो एक पंचमांश, म्हणून तेवढी जागा पाण्यानं भरली. टाळ्या. वहीत आकृती. परीक्षेत पाच मार्कं.

मग इथं गच्चीवर, एक सहावीतला मुलगा, अगदी हळू आवाजात: "बाई, पाणी आधी चढलंच न्हाई. मेणबत्ती इझल्यावर चढलं."

मी म्हटलं, नीट बघितलं नसशील. पुन्हा केलं. तो बरोबर होता. ऑक्सिजन जळताना संपत असेल तर पाणी ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवं होतं. ते चढत होतं विझल्यावर, एकदम. शेजारची मुलगी म्हणाली, पेला ठेवताना कडेनं बुडबुडे बाहेर येतात. तेही मी कधी बघितलं नव्हतं. मग दोन मेणबत्त्या लावल्या, तीन लावल्या. पेला तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढलं.

मुख्य कारण उष्णता आहे. ज्योतीजवळची हवा तापून फुगते, थोडी बुडबुड्यांतून निसटते. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन खर्च होतो, पण सगळा संपायच्या कितीतरी आधी ज्योत विझते, आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतोच.

मायकेल फॅरेडे हा शास्त्रज्ञ लंडनमध्ये मुलांसाठी नाताळात व्याख्यानं द्यायचा. त्यातली एक पूर्ण मालिका त्यानं फक्त मेणबत्तीवर दिली होती. आधी मला वाटायचं, एका मेणबत्तीवर एवढं काय बोलायचं? त्या दिवशी उत्तर मिळालं. त्या मुलाचं म्हणणं मी पहिल्यांदा उडवून लावलं होतं, हे मात्र अजून टोचतं. तो हळू आवाजात का बोलला असेल, याचाही विचार करते.

मुलं गप्पच बसतात. एकदोघंच उत्तरं देतात. काय करावं?

तुम्ही प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबता, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला कमी वाटतात. गच्चीवर 16 पोरं टकमका बघत असताना ते तीन सेकंद फार मोठे असतात. मी मनात "अंबाबाईचा उदो उदो" दोनदा म्हणते.

शिवाय प्रत्येक उत्तराला "व्हेरी गुड!" म्हणणं बंद करा. चौथ्या "व्हेरी गुड"नंतर मुलं विचार करणं सोडून बाईच्या तोंडाकडे बघायला लागतात. त्याऐवजी "असं का वाटलं?" विचारा, उत्तर बरोबर असतानाही विचारा. पहिले काही आठवडे मुलांना वाटतं, आपलं चुकलं म्हणूनच बाई विचारतेय. मग सवय होते.

पुरासारख्या भीतीदायक गोष्टी मुलांशी बोलाव्यात का?

2019 च्या पुरानंतर हा प्रश्न सर्वांत जास्त आला, 2021 नंतर पुन्हा. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43 फूट, इशारा पातळी 39. ज्या मुलांनी आपलं घर पाण्यात बघितलंय त्यांना "निसर्गराजा रागावला" असं सांगणार? त्यांनी ते आकडे बातम्यांत तोंडपाठ केलेले असतात, अर्थ तेवढा कुणी सांगितलेला नसतो.

आम्ही राधानगरीच्या दरवाजांपासून सुरुवात केली. भोगावतीवरच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजा आपला आपण उघडतो, कुणी कळ दाबत नाही. "आमच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं, फक्त उलटं," असं एकानं लगेच ओळखलं. एका दरवाजातून 1428 क्युसेक, असं पेपरात येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28.3 लिटर. गुणाकार मुलांनी केला: सेकंदाला चाळीस हजार लिटर. आपल्या गल्लीत येणारा दहा हजारांचा टँकर धरला तर एका सेकंदाला चार टँकर. सातही दरवाजे उघडले तर 28. त्यावर एक मुलगी म्हणाली, "आणि हे फक्त एकच धरण." मग नकाशा. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती येऊन मिळतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. पश्चिमेला सह्याद्रीत पाऊस कोसळतो तो याच नद्यांतून आपल्या दारात येतो, आणि पुढं पंचगंगा कृष्णेला मिळते तिथं कृष्णाही तुडुंब असली तर पाणी ओसरायला जागा नसते.

भीती गेली का? नाही, आणि जायची गरजही नव्हती. पण पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पातळीचा रोजचा आलेख काढला. सकाळी सातला किती, दुपारी किती, तासाला किती इंच चढतंय. दोन घरांनी सामान वर कधी हलवायचं ते त्या आलेखावरून ठरवलं, असं पालकांनीच सांगितलं.

"अलमट्टीमुळं (कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणामुळं) पूर येतो का?" हा प्रश्न येतोच, पानपट्टीपासून विधानसभेपर्यंत गाजलेला. मी निकाल देत नाही. कुठल्या ठिकाणची, कुठल्या दिवसांची पातळी मोजली तर हे ठरवता येईल, याची यादी मुलांकडून करून घेते. मोठी माणसं वाद घालतात तेव्हा दोघांपैकी एक मूर्खच असतो असं नाही, हेही त्यातून कळतं.

देवाधर्माचं काय? आजी-आजोबांच्या श्रद्धांना धक्का लावता का?

मुलाला आजीच्या विरोधात उभं करणं हा माझा धंदा नाही. ग्रहणात जेवायचं नाही असं आजी म्हणते. मी मुलाला सांगते, जेवू नकोस, हरकत नाही, पण तेवढ्यात घरातली पुरणाची चाळणी घेऊन अंगणात ये. चाळणीची सावली जमिनीवर पाड. प्रत्येक भोकातून एक सूर्य पडतो, आणि ग्रहण चालू असेल तर प्रत्येक सूर्य चंद्रकोरीसारखा कापलेला दिसतो. सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढं बजावते. आजीला बोलवायला सांगते. बहुतेक आज्या येतात. 2 ऑगस्ट 2027 ला दुपार उलटल्यावर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ऑगस्टातला पाऊस बघता चाळणीपेक्षा छत्रीच लागण्याची शक्यता जास्त, तरी तारीख लिहून ठेवा.

पण भूत उतरवणं किंवा साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेणं यावर मी मवाळ बोलत नाही. तिथं जीव जातो.

साहित्याला खर्च किती येतो?

नगण्य. डबे, बाटल्या, आरसे, सुतळी, जुने सायकलचे स्पोक. रसायनं विकत आणत नाही. कोरा चहा कडक उकळून त्यात गंजलेले खिळे टाकून दोन दिवस ठेवा, काळी शाई तयार होते. हेच टॅनिन हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत असतं, आणि त्यानंच आपल्या चपलेचं कातडं कमावलं जातं. एका मुलाचे आजोबा चपला शिवायचे. त्यांनी येऊन हे सांगितलं तेव्हा तो मुलगा वर्गात वेगळ्याच ऐटीत बसला होता.

शाळेत मार्क वाढतील का?

कदाचित. सुरुवातीला कमीही होतील, कारण मूल उत्तरपत्रिकेत मेणबत्तीचं खरं कारण लिहून येईल. तशी एक तक्रार माझ्याकडे आली होती. स्कॉलरशिपची तयारी हवी असेल तर गावात त्याचे चांगले क्लासेस आहेत, तिकडे पाठवा. मला राग येणार नाही.

व्हिडिओ दाखवू का?

दाखवा, पण आधी वस्तू, मग व्हिडिओ. आणि मध्येच थांबवून "आता काय होईल?" विचारा. तो "नाद खुळा" असं ओरडणारा प्रयोगवाला दादा मलाही आवडतो, पण त्यात मूल फक्त बघतं, हात घालत नाही.

मला वेळच मिळत नाही. नोकरी आहे. घरी काय करणार?

वेगळं काही करू नका. कुकर लावताना त्याला जवळ उभं करा. उघड्या पातेल्यात डाळ पाऊण तास का घेते आणि कुकरमध्ये चार शिट्ट्यांत का शिजते? आत दाब वाढला की पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. गुऱ्हाळावर येऊन गेलेलं मूल लगेच म्हणेल, तिथं साखरेनं झालं, इथं दाबानं. नाही म्हणालं तर नाही. दर वेळी काहीतरी शिकलंच पाहिजे असं थोडंच आहे, डाळ तरी शिजली.

फी किती?

ऐपतीप्रमाणे, आणि नसेल तर नाही. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला शाहू महाराजांच्या कायद्यात महिन्याला एक रुपया दंड होता. वर्गाला उशिरा येणाऱ्या पालकांना तोच दंड लावावा असा माझा विचार आहे. मुलं वेळेवर येतात.

मे महिन्यात वर्ग बंद असतो का?

असतो. अपवाद 6 मे. कोल्हापूरचं अक्षांश 16.7 अंश उत्तर, त्यामुळे त्या तारखेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. असा दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही येतो, पण तेव्हा ढगच दिसतात. घड्याळात मात्र बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमाराला. का, ते मुलांना विचारा. मागच्या वर्षी त्यांनीच शोधून काढलं होतं की आपलं घड्याळ कोल्हापूरचं नाहीच, ते प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशाचं आहे. सव्वाबारापर्यंत गच्चीवर या. टोपी, पाण्याची बाटली, आणि सरळ उभं राहील असं काहीही: पेला, डबा, लाटणं. गेल्या खेपेला एक आजोबा स्वतःच मध्ये उभे राहिले होते. पोट आडवं आल्यानं त्यांना आपली सावली गेलेली दिसेना, तेव्हा नातवानं खाली बसून खात्री करून दिली.